‘प्रेफरेबल’ : सक्तीही नव्हे, आवडही नव्हे

चाकणच्या एका कंपनीची नोकरीची जाहिरात आणि त्या जाहिरातीसाठी स्वतः लिहिलेल्या इंग्रजी अर्जाचा मसुदा पुढे ठेवून कोथरूडमधील एका तरुण अभियंता मुलीने तीन प्रश्न विचारले आहेत. जाहिरातीतील मजकूर असा : ‘थ्री इयर्स एक्स्पीरियन्स इसेन्शियल. वर्किंग नॉलेज ऑफ जर्मन प्रेफरेबल. कँडिडेट्स रिसायडिंग इन पुणे प्रिफर्ड. प्रेफरेबली इमिजिएट जॉइनर्स.’ तिने जर्मनची केवळ पहिली पातळी पूर्ण केलेली आहे. त्यामुळे अर्ज करावा की करू नये, हा तिचा पहिला प्रश्न आहे. एकाच जाहिरातीत ‘प्रेफरेबल’, ‘प्रिफर्ड’ आणि ‘प्रेफरेबली’ अशी तीन रूपे आली आहेत, त्यांत खरोखर काही फरक आहे की लिहिणाऱ्याने मनाला येईल तसे लिहिले आहे, हा दुसरा. तिसरा प्रश्न तिच्या स्वतःच्या वाक्याचा आहे. ‘फॉर मी पुणे इज मोअर प्रेफरेबल दॅन मुंबई’ असे तिने अर्जात लिहिले होते. कार्यालयातील एका ज्येष्ठ सहकाऱ्याने ‘मोअर’ आणि ‘दॅन’ या दोन शब्दांभोवती लाल गोल काढला, पण कारण काही सांगितले नाही. ते कारण तिला हवे आहे.

मी गेली २८ वर्षे पुण्यात इंग्रजी–मराठी भाषांतराचे काम करते आणि संध्याकाळी इंग्रजी शिकवते. या एका विशेषणाने माझे जितके काम वाढवले आहे तितके मोठमोठ्या अवघड शब्दांनीही वाढवलेले नाही, कारण अवघड शब्द दिसला की माणूस कोश उघडतो आणि ‘प्रेफरेबल’ दिसला की पुढे जातो. अर्ज अवश्य करावा, हे उत्तर आधीच देऊन ठेवते. ‘प्रेफरेबल’ या शब्दात दोन गोष्टींची तुलना गृहीत धरलेली असते, आणि त्या दोन गोष्टींपैकी जी मागे ठेवलेली असते तीही चालण्यासारखी असते. दुसरी गोष्ट चालतच नसती तर लिहिणाऱ्याने ‘इसेन्शियल’ किंवा ‘मस्ट’ म्हटले असते, आणि त्याच जाहिरातीत अनुभवाबाबत त्याने तसे म्हटलेही आहे.

शब्दाच्या घडणीकडे पाहिले की हे लगेच लक्षात येते. लॅटिनमध्ये ‘प्राए’ म्हणजे पुढे, आधी. आणि ‘फेरे’ म्हणजे वाहणे, नेणे. एखादी वस्तू दुसरीच्या पुढे नेऊन ठेवणे, हा ‘प्रिफर’ या क्रियापदाचा मूळ अर्थ. फ्रेंचमधून ते इंग्रजीत आले आणि त्याला ‘एबल’ प्रत्यय लागून सतराव्या शतकात विशेषण रूढ झाले. शाळेत आपल्याला ‘एबल’ म्हणजे ‘करता येण्याजोगे’ असे शिकवतात. ‘वॉशेबल’ म्हणजे धुता येण्याजोगे, ‘रीडेबल’ म्हणजे वाचता येण्याजोगे. परंतु या प्रत्ययाचा आणखी एक अर्थ आहे, तो म्हणजे ‘करण्याच्या योग्यतेचे’. ‘अ‍ॅडमायरेबल’ माणूस म्हणजे ज्याचे कौतुक करणे शक्य आहे असा नव्हे, तर ज्याचे कौतुक करावे असा. ‘प्रेफरेबल’ याच दुसऱ्या घरातला आहे. संस्कृतातून आपल्याकडे आलेला ‘अनीय’ प्रत्यय नेमके हेच काम करतो : वंदनीय, स्पृहणीय, आदरणीय. आणि ‘वृ’ म्हणजे निवडणे या धातूपासून झालेला ‘वरेण्य’ हा शब्द तर निवडण्याच्या योग्यतेचा, असा अर्थ थेट सांगतो. तो आज स्तोत्रांपुरता आणि मानपत्रांपुरता उरला आहे, म्हणून भाषांतरात वापरता येत नाही, याची मला प्रत्येक वेळी थोडी हळहळ वाटते.

‘योग्यतेचे’ हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण इथेच ‘आवड’ आणि ‘प्रेफरेबल’ यांची फारकत होते. माझ्या वर्गात दर वर्षी कोणीतरी ‘मिसळ इज माय मोस्ट प्रेफरेबल डिश’ असे लिहितेच. वाक्याचा भाव समजतो, पण शब्द चुकलेला असतो. तिथे ‘फेव्हरिट’ हवा. ‘फेव्हरिट’मध्ये मनाचा ओढा आहे आणि त्याला कारण द्यावे लागत नाही. ‘प्रेफरेबल’मध्ये निवाडा आहे आणि त्यामागे निदान एक तरी कारण उभे असते. कठोपनिषदातील श्रेय आणि प्रेय ही जोडी आपल्याकडे अनेकांच्या परिचयाची आहे. एक हिताचे, दुसरे आवडीचे, आणि शहाण्याने दोन्ही ओळखून पहिले निवडावे, असा तो विचार. ‘फेव्हरिट’ हे प्रेयाच्या बाजूचे विशेषण आहे आणि ‘प्रेफरेबल’ हे श्रेयाच्या बाजूचे. पित्ताचा त्रास असलेल्या माणसाला मिसळ ‘फेव्हरिट’ असते आणि त्याच वेळी मऊ भात ‘प्रेफरेबल’ असतो. या दोन विधानांत विरोध मुळीच नाही.

आता तीन रूपांकडे वळू. ‘प्रिफर्ड’ हे भूतकाळवाचक धातुसाधित आहे. म्हणजे निवड कोणीतरी करून टाकलेली आहे, आणि ती कोणाची आहे हेही साधारणपणे ठाऊक असते. बँकेच्या अर्जात ‘प्रिफर्ड लँग्वेज’ असा रकाना असतो. तिथे तुम्ही कोणती भाषा निवडता एवढेच विचारलेले असते. कोणती निवडणे शहाणपणाचे आहे हे विचारलेले नसते. त्या रकान्यात ‘प्रेफरेबल लँग्वेज’ असे छापले तर अर्थच फिरतो. ‘प्रेफरेबल’मध्ये निवड अजून व्हायची असते, किंवा ती कोणी करावी हे मोकळे सोडलेले असते. ‘प्रेफरेबली’ हे क्रियाविशेषण आहे, आणि त्याला मराठीत एक इतका चपखल शब्द आहे की तो सोडून ‘प्राधान्याने’ लिहिणाऱ्यांचे मला नवल वाटते. तो शब्द म्हणजे ‘शक्यतो’. ‘प्रेफरेबली इन ब्लॅक इंक’ म्हणजे ‘शक्यतो काळ्या शाईने’. ‘प्राधान्याने काळ्या शाईने’ असे कोणत्याही घरात कोणी बोलत नाही.

जाहिरातीच्या इंग्रजीत मात्र ही तीन रूपे एकमेकांच्या जागी सर्रास येतात, हे मान्य केले पाहिजे. वधू-वर सूचकांतील मजकूर पाहावा. ‘पुणे-बेस्ड प्रिफर्ड’, ‘ओन फ्लॅट प्रेफरेबल’, ‘प्रेफरेबली व्हेजिटेरियन’ अशी वाक्ये एकाच स्थळाच्या माहितीत ओळीने असतात. त्यातही ऐकणाऱ्या कानाला थोडा फरक जाणवतो. ‘पुणे-बेस्ड प्रिफर्ड’ म्हणणाऱ्या घराने ठरवलेले आहे की दोन स्थळे सारखी आली तर पुण्याचे पाहायचे. ‘ओन फ्लॅट प्रेफरेबल’ म्हणणारे घर ‘स्वतःचा फ्लॅट असला तर बरे’ असे म्हणते. (विवाहासाठी निवडलेला तो ‘वर’, हाही त्या ‘वृ’ धातूचाच वंशज, तेव्हा हा विषय सूचक मंडळांपर्यंत येणे अगदीच अस्थानी नाही.) तुमच्या जाहिरातीतही तसेच आहे. पुण्यात राहणाऱ्यांबाबत कंपनीने आपला निर्णय सांगितलेला आहे, जर्मनबाबत आपली अपेक्षा सांगितलेली आहे, आणि लगेच रुजू होण्याबाबत विनंतीवजा सूचना केलेली आहे. अर्थात लिहिणाऱ्याने एवढा विचार केला असेलच असे नाही. तरीही वाचणाऱ्याने शब्दाला त्याचे वजन देऊन वाचावे, यात वाचणाऱ्याचे नुकसान काही होत नाही.

वजन चुकले तर काय होते, याचा धडा मी स्वतःच्या चुकीतून घेतला आहे. सुमारे १५ वर्षांपूर्वी भोसरीच्या एका कारखान्यासाठी मी सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमाने चालणाऱ्या, यंत्राच्या देखभालीची पुस्तिका मराठीत आणत होते. मूळ वाक्य कूलंटबद्दल, म्हणजे कापकाम करताना यंत्र थंड ठेवणाऱ्या द्रवाबद्दल, असे होते : ‘फॉर मिक्सिंग द कूलंट, सॉफ्ट वॉटर इज प्रेफरेबल टू हार्ड वॉटर.’ मी लिहिले, ‘कूलंट तयार करण्यासाठी मृदू पाणीच वापरावे.’ पुस्तिका छापली गेली आणि प्रत्येक यंत्राशेजारी टांगली गेली. काही महिन्यांनी कारखान्यातील पाणी मृदू करणारे संयंत्र बंद पडले. रात्रपाळीचा ऑपरेटर शिस्तीचा माणूस होता. त्याने पुस्तिका वाचली, टाकीतील कूलंट खाली गेलेले पाहिले, आणि बोअरचे पाणी हाताशी असूनही यंत्र थांबवून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी सुपरवायझरचा फोन आला : ‘मॅडम, बोअरचं पाणी चालत नाही असं तुम्हीच लिहिलंय ना?’ मी मूळ इंग्रजी प्रत काढून वाक्य पुन्हा वाचले आणि गप्प बसले. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्याने कूलंटमधील तेल आणि पाणी नीट एकजीव राहत नाही, वर थर धरतो, मिश्रण लवकर बदलावे लागते. म्हणून मृदू पाणी बरे. पण एका रात्रीपुरते जड पाणी घातल्याने यंत्राचे काही बिघडणार नव्हते, आणि मूळ लेखकाने तसे कुठे म्हटलेही नव्हते. सगळा घोटाळा माझ्या एका ‘च’ने केला होता. पुढच्या आवृत्तीत ते वाक्य ‘कूलंट तयार करण्यासाठी जड पाण्यापेक्षा मृदू पाणी वापरणे चांगले’ असे झाले. त्या दिवसापासून ‘प्रेफरेबल’च्या भाषांतरात ‘च’ आला की मी तो खोडते, मग तो माझा असो की विद्यार्थ्याचा.

याच्या उलट चूकही तितकीच घातक असते. मूळ मजकुरात सक्ती असताना भाषांतरकाराने सौजन्यापोटी ‘श्रेयस्कर’ किंवा ‘इष्ट’ लिहिले, तर कामगार हेल्मेट खुंटीला टांगून ठेवतो. म्हणून तांत्रिक लेखनात ‘प्रेफरेबल’सारखा सैल शब्द असूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इंटरनेटच्या तांत्रिक मानकांसाठी १९९७ मध्ये एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले. त्यात ‘मस्ट’, ‘शुड’ आणि ‘मे’ या शब्दांचे अर्थ बांधून दिलेले आहेत. ‘मस्ट’ म्हणजे निरपवाद सक्ती. ‘शुड’ म्हणजे विशिष्ट परिस्थितीत सबळ कारण असेल तर सोडता येईल, परंतु परिणामांचा पूर्ण विचार केल्यावरच. ‘मे’ म्हणजे ऐच्छिक. ‘प्रेफरेबल’ला त्या यादीत स्थान नाही. हिंजवडीतील जी मंडळी सॉफ्टवेअरच्या गरजांचे दस्तऐवज लिहितात, त्यांना मी हेच सांगते की तुमच्या मनात ‘शुड’ असेल तर ‘शुड’ लिहा, कारण चाचणी करणाऱ्याने ‘प्रेफरेबल’ची चाचणी कशी घ्यायची?

सरकारी भरतीच्या जाहिरातींत मात्र वेगळी जोडी दिसते : ‘इसेन्शियल’ आणि ‘डिझायरेबल’. लोकसेवा आयोगाच्या जाहिराती वाचणाऱ्यांना ती पाठ असते. ‘डिझायरेबल’ म्हणजे असावे असे, इष्ट. त्यात तुलना नाही, केवळ एका गुणाबद्दलची इच्छा आहे. खासगी कंपन्यांच्या जाहिरातीतील ‘प्रेफरेबल’ बहुधा या ‘डिझायरेबल’च्याच अर्थाने आलेला असतो. मराठी जाहिरातीत ‘जर्मन येत असल्यास प्राधान्य’ असे लिहितात, ते इथे अगदी बरोबर बसते, कारण त्या ‘असल्यास’मध्ये नसण्याचीही सोय आहे.

आता लाल गोलांकडे. ‘दॅन’ची चूक मराठी माणसाकडून होते तिचे कारण मराठीतच आहे. आपण ‘चहापेक्षा कॉफी बरी’ म्हणतो, ‘रिक्षापेक्षा बस स्वस्त’ म्हणतो आणि ‘मुंबईपेक्षा पुणे पसंत’ म्हणतो. तुलना कोणतीही असो, एक ‘पेक्षा’ सगळीकडे पुरतो. शाळेत ‘पेक्षा म्हणजे दॅन’ हे समीकरण डोक्यात बसते, आणि ते बहुतेक ठिकाणी चालतेही. इंग्रजीत मात्र ‘प्रिफर’ हे क्रियापद ‘टू’ घेते : ‘आय प्रिफर टी टू कॉफी.’ लॅटिनमध्येही ज्याच्या पुढे एखादी गोष्ट ठेवायची, तो शब्द चतुर्थी विभक्तीत येत असे. म्हणजे ‘अमक्याला पुढे’, असा तो संबंध होता. इंग्रजीतील ‘टू’ ही त्या चतुर्थीचीच खूण आहे. ‘प्रेफरेबल’ने क्रियापदाचा हा वारसा तसाच चालवला आहे. पुष्कळ शिक्षक ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’, ‘इन्फीरियर’ यांच्या रांगेत ‘प्रेफरेबल’ही उभा करून ‘यांना टू लागतो’ असे पाठ करून घेतात. परीक्षेपुरते ते सोयीचे आहे. पण ते चारही शब्द मुळात लॅटिनमधील तरवाचक, म्हणजे दोहोंची तुलना करणारी, रूपे आहेत आणि ‘प्रेफरेबल’ तसा नाही. त्याचा ‘टू’ क्रियापदाकडून आलेला आहे, एवढे लक्षात ठेवले की घोकंपट्टी करावी लागत नाही.

इथे एक खड्डा आहे आणि चांगले लिहिणारेही त्यात पडतात. ‘टू’ दोन प्रकारचा असतो. ‘इट इज प्रेफरेबल टू ट्रॅव्हल बाय ट्रेन’ या वाक्यातील ‘टू’ हा क्रियापदाच्या मूळ रूपाआधीचा आहे. ‘रेल्वेने जाणे बरे’, एवढाच त्याचा अर्थ, आणि कशाच्या तुलनेत ते सांगितलेले नाही. ‘ट्रॅव्हलिंग बाय ट्रेन इज प्रेफरेबल टू ड्रायव्हिंग’ यातील ‘टू’ मात्र तुलनेचा आहे आणि त्याच्यापुढे नाम किंवा ‘आयएनजी’ लागलेले रूप हवे. ‘प्रेफरेबल टू ड्राइव्ह’ लिहिले की वाचणाऱ्याला वाटते, गाडीने जाणेच बरे. म्हणजे नेमका उलटा अर्थ. घाटात अडकून पडण्यापेक्षा डेक्कन क्वीनने जा, असे सांगायचे आणि समोरच्याने गाडी बाहेर काढायची, अशातला हा प्रकार. दोन्ही बाजूंना क्रिया असतील आणि मूळ रूपच वापरायचे असेल, तर ‘रादर दॅन’ मदतीला येतो : ‘इट इज प्रेफरेबल टू टेक द ट्रेन रादर दॅन ड्राइव्ह.’ तिथे ‘दॅन’ चालतो, पण तो ‘रादर’चा सोबती म्हणून.

‘मोअर प्रेफरेबल’चे प्रकरण थोडे निराळे आहे. ‘प्रेफरेबल’ म्हणजेच तुलनेने बरे. त्यात ‘अधिक’ दडलेले आहे, म्हणून पुन्हा ‘मोअर’ लावणे म्हणजे द्विरुक्ती. हेन्री फाउलर यांनी १९२६ मध्येच ही द्विरुक्ती अक्षम्य ठरवली होती आणि तेव्हापासून शिस्तीचे संपादक ती खोडत आले आहेत. तरी इंग्रज लेखकांच्याही लेखनात ती सापडते, आणि मला तिचा फारसा राग येत नाही, कारण आपण स्वतः वेगळे काय करतो? ‘श्रेष्ठ’ हे संस्कृतात तमवाचक रूप आहे. ‘श्रेयस्’ म्हणजे दोहोंत चांगला आणि ‘श्रेष्ठ’ म्हणजे सगळ्यांत चांगला, आणि पाणिनीने ‘प्रशस्य’ शब्दाच्या जागी या रूपांसाठी ‘श्र’ येतो असे सूत्र करून ठेवले आहे. तरीही आपण ‘अधिक श्रेष्ठ’ म्हणतो, ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणतो, आणि गौरव समारंभात तर ‘श्रेष्ठतम’ही म्हणतो. शब्दातील तुलना झिजून गेली की भाषा वरून दुसरी चढवते. इंग्रजीत ‘प्रेफरेबल’ची झीज चालू आहे, पण ती अजून पूर्ण झालेली नाही. नोकरीच्या अर्जात, करारात किंवा परीक्षेत ती पूर्ण झाल्यासारखे वागण्याचा धोका पत्करू नये.

संशय आला तर एक साधी कसोटी आहे. ‘प्रेफरेबल’च्या जागी ‘बेटर’ ठेवून पाहावे. ‘मोअर बेटर’ चालत नाही, म्हणून ‘मोअर प्रेफरेबल’ही टाळावे. ‘व्हेरी बेटर’ चालत नाही, म्हणून ‘व्हेरी प्रेफरेबल’ही कानाला खटकते. ‘फार बेटर’ (हा ‘फार’ इंग्रजीतला) आणि ‘मच बेटर’ चालतात, म्हणून ‘फार प्रेफरेबल’ आणि ‘मच प्रेफरेबल’ बिनधास्त लिहावे. कसोटी एका ठिकाणी मात्र फसते : ‘बेटर’ला ‘दॅन’ लागतो आणि ‘प्रेफरेबल’ला ‘टू’. आणि ‘लीस्ट बेटर’ कोणी म्हणत नसले तरी ‘लीस्ट प्रेफरेबल’ मी स्वतः वापरते. चार पर्यायांपैकी सगळ्यांत शेवटी कोणाकडे वळावे हे सांगायला इंग्रजीत तेवढे आटोपशीर दुसरे साधन नाही, आणि त्यावर मला आजवर कोणी लाल गोल काढलेला नाही.

उच्चाराबद्दल थोडक्यात. पुण्यात ‘प्रिफरेबल’ असा दुसऱ्या अक्षरावर जोर देऊन उच्चार ऐकू येतो, कारण ‘प्रिफर’मध्ये जोर तिथे असतो. विशेषणात तो पहिल्या अक्षरावर सरकतो, आणि मधला स्वर इतका आखडतो की शब्द जवळजवळ ‘प्रेफ्रबल’ असा ऐकू येतो. स्पेलिंगचे कोडेही यातच सुटते. ‘प्रिफर्ड’मध्ये जोर शेवटच्या अक्षरावर राहतो म्हणून ‘आर’ दोनदा येतो. ‘प्रेफरेबल’ आणि ‘प्रेफरन्स’मध्ये जोर पुढे सरकतो म्हणून ‘आर’ एकच. ‘रेफर्ड’ आणि ‘रेफरन्स’ यांचेही तसेच आहे.

अर्थाची एक छटा जाहिरातीत दिसत नाही, ती कार्यालयीन पत्रव्यवहारात दिसते, आणि नोकरी लागल्यावर तुम्हाला तिची गरज पडेल. इंग्लंडमधील वरिष्ठ लिहितो, ‘इट वुड बी प्रेफरेबल इफ यू कुड सेंड द रिपोर्ट बाय फ्रायडे.’ आपल्याकडचा नवा अभियंता याचा अर्थ ‘शुक्रवारी दिला तर उत्तम, सोमवारीही चालेल’ असा घेतो आणि सोमवारी बोलणी खातो. इथे शब्द सौम्य आहे आणि हुकूम पक्का आहे. मी वर म्हटले की मागे ठेवलेला पर्यायही चालतो. त्याला हा अपवाद आहे, आणि तो बोलणाऱ्याच्या अधिकारातून येतो. पुणेकराला हे खरे तर शिकवावे लागू नये. आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली एक पाटी आहे : ‘सभासदांनी आपली वाहने शक्यतो आखलेल्या रेषेच्या आत लावावीत.’ ती लागून नऊ वर्षे झाली, आणि तिथल्या ‘शक्यतो’चा फायदा घेण्याची हिंमत आजवर एकाच भाडेकरूने केली. त्याच्या स्कूटरच्या आसनावर दुसऱ्या दिवशी सकाळी हाताने लिहिलेली, अतिशय विनयशील भाषेतील चिठ्ठी चिकटवलेली होती. ‘पाठवलेत तर बरे होईल’, ‘जरा बाहेर थांबलात तर बरे’ या वाक्यांतील ‘बरे’ म्हणजेच त्या साहेबाचा ‘प्रेफरेबल’.

या घराण्यातील ‘प्रेफरन्शियल’ या विशेषणाशी मात्र गल्लत करू नये. त्याचा अर्थ ‘निवडण्याजोगा’ असा नसून ‘अग्रक्रम देणारा किंवा अग्रक्रम मिळालेला’ असा आहे, आणि तो अग्रक्रम न्याय्य आहे की नाही हे संदर्भावर ठरते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ४३ मध्ये अग्रहक्क भागधारकांना लाभांशात आणि कंपनी गुंडाळताना भांडवलाच्या परतफेडीत मिळणारा ‘प्रेफरन्शियल’ हक्क सांगितला आहे. तो उघड आणि मान्य हक्क आहे. दिवाळखोरी संहिता, २०१६ मध्ये योगायोगाने कलम ४३ मध्येच ‘प्रेफरन्शियल’ व्यवहार येतात. तिथे तो शब्द दोषाचा आहे : बुडत्या कंपनीने एका धनकोला झुकते माप दिले, म्हणून तो व्यवहार न्यायाधिकरणाकडून रद्द होऊ शकतो. ‘प्रेफरन्स’ या नामाला तिसरा रंग मतपत्रिकेवर चढतो. पुणे पदवीधर मतदारसंघात ज्यांनी मतदान केले आहे त्यांनी निवडणूक आयोगाने दिलेल्या जांभळ्या स्केच पेनने उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे आकडे लिहिलेले असतील. तिथे ‘प्रेफरन्स’ म्हणजे पसंतीक्रम, निव्वळ क्रम. पहिला आकडा आवश्यक असतो, पुढचे ऐच्छिक. दुसऱ्या पसंतीचे मत मोजणीत उपयोगी पडू शकते, आणि मागे ठेवलेल्याचीही दखल घेतली जाते ती अशी.

आता तुमचा अर्ज. जर्मनबद्दल मौन पाळू नये आणि माफीही मागू नये. ‘आय हॅव कम्प्लीटेड लेव्हल ए-वन इन जर्मन अँड अ‍ॅम प्रिपेअरिंग फॉर ए-टू’ एवढे एक सरळ वाक्य, तयारी खरोखर चालू असेल तर, पुरेसे आहे. वर्ग अजून सुरू केला नसेल तर वाक्याचा दुसरा अर्धा भाग गाळावा. पुण्यात राहता हे पत्त्यावरून दिसतेच, पण ‘प्रिफर्ड’ म्हणून तो मुद्दा त्यांनी मागितला आहे, तेव्हा पहिल्या परिच्छेदातच सांगावा. लगेच रुजू होता येणार नसेल तर किती दिवसांची सूचना द्यावी लागते तो आकडा लिहावा. आणि लाल गोल पडलेले वाक्य दुरुस्त करायचे झाले तर ‘फॉर मी पुणे इज प्रेफरेबल टू मुंबई’ असे होईल. व्याकरणाने ते निर्दोष आहे. पण मी तुमच्या जागी असते तर ते सबंध वाक्यच काढून टाकले असते. कंपनी चाकणला आहे. मुंबईचा विषय त्यांनी काढलेला नाही.